तीन बाजार आणि टिंबापुढची जागा

"रडाचं हाय का नाही, ते पयले इचारून घ्या, रहीमभाई. मागच्या खेपेले मी उगीच रडली. फोटो त्यायनं वांग्याचा काढला."

हे माझ्याबद्दल चाललं होतं. बोरी अरबचा आठवडी बाजार, सकाळचे नऊ. मिरच्यांच्या ढिगामागे बसलेली पन्नाशीची एक बाई शेजारच्या स्टोव्ह-कुलूप दुरुस्तीवाल्याला सांगत होती, आणि मी चार पावलांवर फाइल छातीशी धरून आभाळात काहीतरी शोधत असल्याचं दाखवत होते. जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. या गैरसमजावर माझं आजवर चांगलं चाललं आहे.

मी पुण्याची. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी, पण ती 'ताट घे, दिवा बंद कर' एवढ्या कामाची. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या दोन्ही भाषा एकाच वेळी रजेवर जातात.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात या जिल्ह्याचं नाव आलं नाही असा आठवडा जात नसे, आणि पेपरापाठोपाठ पाहुणे येत: कॅमेरेवाले, फॉर्मवाले, समित्या. सगळ्यांना बाजारात उभं राहून तेच प्रश्न विचारायचे असत. मिरचीवाल्या यशोधराबाईंनी त्यावर सोय करून ठेवली होती. फॉर्मवाल्यांना छोटं उत्तर, कॅमेरेवाल्यांना मोठं, आणि समिती असेल तर आधी चहा मागायचा, मग उत्तर. सगळा बाजार त्यांना आत्या म्हणायचा. तासाभरात मीही म्हणू लागले.

माझं काम मात्र त्यांच्या तयारीत बसणारं नव्हतं. इंटरनेटच्या पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर एक शब्द येतो, कॉम, नेट, इन वगैरे. असे शब्द तेव्हा मोजकेच होते. आता नवे द्यायचे, अगदी देवनागरीतलेसुद्धा, आणि ते कोणाला कोणत्या नियमांनी द्यायचे हे दूर कुठेतरी ठरत होतं. नियमांचा मसुदा निघाला होता आणि त्यावर जगातल्या कोणीही मत द्यावं असं आवाहन होतं. आमचं छोटं ऑफिस लोकांच्या वतीने अशी मतं लिहून देई. लोक म्हणजे आमचे ग्राहक. त्यातल्या एका कंपनीला 'कापूस' हा शब्द हवा होता. मसुद्यात एक सवलत होती: एकाच शब्दावर दोघांनी हक्क सांगितला, आणि तो शब्द ज्यांचा आहे ती माणसं त्यातल्या एकामागे उभी असली, तर शब्द त्याला. आमच्या कंपनीमागे माणसं नव्हती. ती आणायला मला पाठवलं होतं.

माणसं म्हणजे पंधरा पत्रं. मजकूर छापून तयार होता: 'आम्ही खाली सही करणारे कापूस समुदायाचे हितसंबंधी घटक...' खाली फक्त सह्या हव्या होत्या. मग शनिवारी यवतमाळच्या एका कॉलेजात या मसुद्यावर जाहीर चर्चा, तिथे मी ती पत्रं दाखवून पाच मिनिटं बोलायचं. आमचे केतन सर निघताना म्हणाले होते, "तू हुशार आहेस, पण तुझा आवाज मी सहा महिन्यांत ऐकलेला नाही. महिनाअखेर तुझा नोकरीतला परीक्षेचा काळ संपतो. शनिवारी बोललीस तर नोकरी पक्की. नाहीतर आपण दोघंही वेगळा विचार करू." दोघंही म्हणाले, पण विचार एकटीलाच करावा लागणार हे मला कळलं होतं.

दारव्ह्यात संगणकाचे वर्ग चालवणारे गजूभाऊ आमचे तिथले संपर्क. पाहुण्यांना माणसं दाखवणं हा त्या वर्षांत त्यांचा जोडधंदा झाला होता. त्यांनी मला मोटारसायकलवरून बाजारात आणून सोडलं, "ह्या मॅडम पुन्याच्या, यायचं काम करून द्या" म्हणाले, आणि गेले.

मी आत्यांसमोर उकिडवी बसले. गाडीत पाठ केलेल्या भाषणातलं जे तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच: "जागेसाठी अर्ज आहे. तुमचं समर्थन हवंय."

आत्यांचा चेहरा एकदम खुलला. हे रडायचं प्रकरण नाही हे त्यांच्या लक्षात आलं. हातात अर्ज, वर समर्थन मागते, अशी बाजारात आलेली मुलगी दुसरं काय मागणार? बसायला जागा!

"पाह्य पोरी," त्या म्हणाल्या. "जागा कोनाची नाई. जो बसते त्याची. नव्यानं तीन बाजार ओळीच्या शेपटीले बसाचं. सोता. भाऊ नाई, भाचा नाई, सोता. मंग दोन्ही अंगचे शेजारी हो म्हनले, का झालं. तुले इकाचं काय हाय?"

खरं काय ते सांगायला हवं होतं. पण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

रहीमभाईंनी स्टोव्हच्या बर्नरमधून पिन काढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पांढरी दाढी, बोटं रॉकेलने काळी. "कुलूप तो नहीं लाई, बेटा? दो कुलूपवाले पास-पास नाही बसत. गाहक बहकते."

दिसायला सारखी दोन नावं शेजारीशेजारी नकोत, यावर मसुद्यात कित्येक पानं होती. मी ती गाडीत तीनदा वाचली होती आणि तिन्ही वेळा डुलकी लागली होती.

"बोल ना वं," आत्या म्हणाल्या. "माल काय?"

मी स्वतःकडे पाहिलं. पेन, फाइल, पाण्याची बाटली. विकण्यासारखं माझ्याजवळ काय होतं? आईवडिलांनी बारा वर्षं फी भरून जे घेतलं तेच. "मी इंग्रजी वाचते," मी पुटपुटले.

आत्यांनी हनुवटी वर केली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा सूर लावला. "इंग्रजीईई वाचून मिळंन! पुन्याचा माल हाय! पाकीट आना, डबी आना, मोबाइल आना!"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण काळी जमीन भेगाळलेली असली तरी माझ्या मापाची भेग तिथे नव्हती.

गिऱ्हाईक आलं. हे मला आजही नवल वाटतं. मला वाटलं होतं लोक हसतील, आणि ते हसलेच, पण हसत हसत रांग लावली. औषधाच्या पट्ट्या आल्या. एका बाईचा मोबाइल कसल्याशा लिपीत गेला होता, तो परत आणला. एका माणसाने कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट आणलं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की उगवण, पीक किंवा किडीबद्दल उत्पादक कोणतीही जबाबदारी घेत नाही. मी ते हळूच सांगितलं. आत्यांनी ते मोठ्याने सांगितलं. तो माणूस पाकीट उलटंसुलटं करत म्हणाला, "म्हंजे पाकिटाले अगुदरच मालूम होतं." आणि ते नीट घडी करून खिशात ठेवलं.

मग पांढऱ्या धोतरातले एक आजोबा आले. मिशा भरघोस, डोक्यावर लाल टोपी, तिच्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं. मुलीकडून आली म्हणाले, दोन वर्षं घालतोय, काय लिहिलंय ते विचारायचं राहूनच गेलं. मी वाचलं आणि आत्यांकडे पाहिलं.

"सांग ना," आत्या म्हणाल्या.

मी त्यांच्या कानात सांगितलं. आत्यांनी घसा साफ केला. "जगातली सगळ्यात चांगली आजी!"

बाजार थांबला. तराजू हवेत राहिले. आजोबांनी टोपी काढली, अक्षरांवरून बोट फिरवलं, थोडा विचार केला. "सगळ्यात चांगली म्हनते ना?" ते म्हणाले. "मंग राहू द्या." टोपी पुन्हा डोक्यावर गेली, जरा जास्तच ताठ.

माझ्या गोणपाटावर मोबदला जमत गेला. वांगी, शेंगा, लसणाचे दोन गड्डे, अर्धा कोबी. दुपारपर्यंत मी एका लहान कुटुंबाची भाजी कमावली होती. एकही सही नव्हती.

त्या संध्याकाळी गजूभाऊ न्यायला आलेच नाहीत, म्हणून मी आत्यांकडे गेले. दारातच "जय भीम" झालं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली ताजं फूल. घर दोन खोल्यांचं, त्यातली एक कापसाने भरलेली. भाव नाही म्हणून विकला नव्हता. बाजारात हसणाऱ्या बाईच्या घरातली निम्मी जागा ही अशी अडून होती, आणि घरातली सगळी माणसं तिला वळसा घालून हिंडायची सवय झाल्यासारखी हिंडत होती. जेवायला भाकरी, वांग्याची भाजी (माझी कमाई) आणि असा ठेचा की मी पाणी मागायच्या आतच तांब्या समोर आला. पुण्यात पाहुण्याला "तिखट चालतं ना?" असं विचारतात. इथे विचारत नाहीत, तांब्या भरून ठेवतात.

अंथरूण कापसाशेजारी होतं. पांढरा शुभ्र ढीग पाहून मला वाटलं, आयुष्यात प्रथमच अशी गादी. सकाळी उठले तर हातापायांवर लाल गांधी. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि त्या वर्षी घरोघर सगळे खाजवत होते, हे मला नंतर कळलं. आत्यांनी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली.

"कापसानं वळख दिली तुले," त्या म्हणाल्या. "आता तू पाहुनी नाई."

*

दारव्हा

दुसरा बाजार दारव्ह्याचा. आम्ही एका टेम्पोतून गेलो: मिरच्यांची पोती, रहीमभाईंची पेटी, मी आणि माझी खाज. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, भारे रचलेले, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. मिरचीच्या पोत्यावर बसून निसर्ग बघणाऱ्याने डोळे चोळू नयेत, हे तिथे जाणाऱ्यांना सांगून ठेवते.

बाजारात पोचलो तर आमच्या ओळीत तीन जागा रिकाम्या आणि प्रत्येकीच्या मधोमध एकेक दगड. साधे दगड नव्हेत. पांढरा ऑइलपेंट मारून त्यावर लाल रंगात भांडीवाल्याचं नाव. एकाच माणसाने तीन जागा धरल्या होत्या.

मी जपून त्यांना वळसा घातला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या घराण्यात माझा जन्म झाला आहे. रुमालाचा मान राखायचा, हे माझ्या हाडात आहे.

आत्या मात्र पिंपळाकडे बघत होत्या. पिंपळाच्या बुंध्यावर चुन्याचा एक जुना पट्टा होता. ऊन हळूहळू खाली सरकत होतं. ते पट्ट्याला टेकलं, तशा आत्या उठल्या, पदर खोचला, आणि पहिला दगड उचलला. दुसरा रहीमभाईंनी. तिसऱ्याच्या वेळी त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "उचल."

"पण त्यावर नाव आहे," मी म्हणाले.

"नाव हाय. ऊन पट्ट्याले टेकलं, मानूस कुठी हाय?"

मी उचलला. जड होता. दगड घेऊन आम्ही पिंपळाखाली गेलो, आणि तेव्हा मला दिसलं की झाडाभोवतीचा ओटा, ज्यावर बसून सगळे शिदोरी सोडतात, तो अशाच दगडांचा होता. वर्षानुवर्षांचे. कुठे अर्धं आडनाव, कुठे पुसट 'अँड सन्स', एकावर पूर्ण फोन नंबर. आमचे तीन कोपऱ्यात लागले. तासाभराने भांडीवाला आला, रिकाम्या राहिलेल्या एका जागेवर मुकाट बसला, आणि दुपारी त्याच ओट्यावर, बहुधा स्वतःच्याच नावावर बसून, त्याने माझ्याबरोबर भाकरी खाल्ली. पुण्यात या गोष्टीवर दोन सोसायट्यांची तीन वर्षं गेली असती.

त्या ओट्यावर माझं मन मला खाऊ लागलं. मी भाकरी हातात धरून, खाली बघत, पहिल्यापासून सगळं सांगितलं. पत्ता, टिंब, टिंबानंतरचा शब्द, पंधरा पत्रं.

आत्या बराच वेळ चावत राहिल्या. "म्हंजे टिंबाच्या अलीकडं दुकानं, आन् पलीकडं बाजाराचं नाव."

मी सहा महिने ज्या ऑफिसात होते तिथे हे इतकं थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

"मंग तू बसून काहून राह्यली इथं?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

रहीमभाईंना असा ठसका लागला की त्यांना पाणी द्यावं लागलं. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "ते कंपनी सोता बसन का? कापूस नावाचा बाजार भरवन, लोकायले दुकानं लावू देईन?"

मला उत्तर माहीत होतं. निघायच्या आदल्या दिवशी सरांनी मला कंपनीचं एक पत्र चुकून पाठवलं होतं. त्यात स्पष्ट होतं: शब्द मिळाला तरी तूर्त सुरू करायचा नाही, दुसऱ्या कोणाला मिळू नये एवढाच हेतू.

"माहीत नाही," मी म्हणाले.

मी भाकरी खाली ठेवली. आत्यांना वाटलं ठेचा लागला. त्यांनी तांब्या पुढे केला, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

*

लाडखेड

खरं सांगून झाल्यावर तिसऱ्या बाजाराची गरज नव्हती. पण आत्यांचं म्हणणं, दोन झाले की तिसरा सोडता येत नाही, ओळीची सवय मोडते. म्हणून लाडखेडलाही मी शेपटीला बसले. बाजार लहान होता. त्या वर्षी सगळेच बाजार लहान होते, लोक भाव विचारत आणि पुढे जात. पण इंग्रजीला मागणी होती. आदल्या दोन गावांतून माझी कीर्ती आली होती, आणि टोपीवाले आजोबाही मुद्दाम आले होते, आपल्या व्याह्याला टोपी वाचून दाखवायला. मला पुन्हा वाचावी लागली. या वेळी आत्यांनी ती सांगायच्या आत व्याह्यांनाच ऐकू गेली. बहुधा माझा आवाज थोडा वाढला होता.

दुपारी आत्या उठून ओळीसमोर उभ्या राहिल्या. "ह्या पोरीचे तीन बाजार झाले. डाव्या अंगची मी. माह्यं हो हाय. रहीमभाई?"

रहीमभाईंनी मुद्दाम वेळ लावला. कुलपात किल्ली फिरवली, काढली, पुन्हा फिरवली. "आवाज नहीं है इसके पास," ते म्हणाले. "लेकिन नापतोल में खोट नहीं. हो."

झालं. यवतमाळ जिल्ह्यात, तीन गावांच्या बाजारांत, माझी जागा आहे. पुण्यात माझ्या नावावर अजून साधा पार्किंगचा चौकोनही नाही.

तेवढ्यात गजूभाऊंचा फोन. "मॅडम, सह्या झाल्या का? नसन झाल्या त कागद द्या माह्याकडं. मले गावातल्या सगळ्यायच्या सह्या येतात."

मी फोन ठेवला. आत्या हात पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या. "आन ते कागद. सही मी करते, आंगठा नाई देत. बाकीच्यायले मी सांगते, पंधरा होऊन जातीन. तुही नोकरी हाय त्यावर, गजूनं सांगतलं मले."

"आत्या, तुम्ही मजकूर वाचला नाहीत."

"तू वाचला ना? आता तू शेजारीन हाय. शेजारनीनं चांगलं हाय म्हनलं, त चांगलंच असन." त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढून मागे लावलं, आणि पहिल्या पत्रावर वाकल्या. त्यांनी नावाचं पहिलं अक्षर इतकं जपून काढायला घेतलं की मला बघवेना.

पंधरा मिनिटं. एवढाच वेळ लागला असता. माझी नोकरी पक्की झाली असती.

"दगड आहे," मी म्हणाले.

"काय?"

मी त्यांच्या कानाशी गेले. "कंपनी बसणार नाही. नुसती जागा धरून ठेवणार आहे. मला माहीत होतं."

आत्यांनी कागदावरून पेन उचललं. माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या एका पाहण्यात काल दिलेला तांब्या होता आणि तो परत मागितल्यासारखंही होतं. मग त्या ओळीकडे वळल्या आणि पहिल्या बाजारात माझा माल ओरडताना लावला होता तोच सूर लावला. "रहीमभाई! कंपनी दगड ठेवून राह्यली! आमच्या कापसावर!"

"रंगवलेला?" रहीमभाईंनी विचारलं.

"इंग्रजी रंगानं!"

ओळीतून हसणं पसरत शेवटच्या कांदेवाल्यापर्यंत गेलं. मी मान खाली घालून बसले होते. आत्यांनी पत्रांचा गठ्ठा चाचपला, एक कागद उन्हाला धरून पाहिला. "कागद जाड हाय," त्या म्हणाल्या, त्याचा झकास शंकू वळवला, त्यात पावशेर मिरची भरली आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत कापूस समुदायाचे सगळे हितसंबंधी घटक मिरचीसकट आपापल्या घरी गेले.

"शनवारी जाशीन ना?" निघताना आत्यांनी विचारलं.

"जाऊन काय करू? पत्रं नाहीत."

"पत्रं नाईत त मानसं ने. मी येते. रहीमभाई, तुमालेबी बर्नर घ्याचे हायेत ना यवतमाळले?"

रहीमभाई म्हणाले, बर्नर कायमच घ्यायचे असतात.

*

यवतमाळ

कॉलेजचं सभागृह गार होतं आणि बिस्किटं पुण्यासारखीच मऊ पडलेली. केतन सर आदल्या दिवशीच आले होते. मला बघून त्यांनी हात पुढे केला. "पत्रं?"

"संपली," मी म्हणाले.

ते मला काही विचारणार होते, पण माझ्या हातावरच्या गांधी बघून थबकले.

सभागृह भरलेलं. विद्यार्थ्यांना हजेरीसाठी बसवलं होतं, त्यामुळे मागून आलेल्यांना खुर्ची नव्हती. पहिली रांग मात्र अर्धी रिकामी होती. तिथल्या पाच खुर्च्यांवर पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, त्यावर नावं छापलेली. एक आमच्या कंपनीच्या प्रतिनिधींची. पहिला वक्ता संपला, दुसरा संपला, चहा येऊन गेला, चिठ्ठ्या तशाच. मागच्या भिंतीला टेकून आत्या उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून, आणि त्यांच्याशेजारी रहीमभाई, काखेत बर्नरची पिशवी. आत्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत होत्या.

मंचावर नियमांविषयी बरंच बोललं गेलं. शब्द कोणाला द्यावा, आक्षेप कोणी घ्यावा, समुदाय म्हणजे नेमकं कोण. एका गृहस्थांनी सांगितलं की स्थानिक पातळीवर या विषयाची जाण अजून यायची आहे. रहीमभाईंनी जांभई दिली.

मग सूत्रसंचालकांनी माझं नाव घेतलं आणि म्हणाले, "या प्रत्यक्ष गावांत जाऊन समर्थन घेऊन आल्या आहेत."

मी उठले. माइकपर्यंतची बारा पावलं मला आठवतात, मधलं काही आठवत नाही. माइक माझ्या उंचीपेक्षा वर होता आणि तो खाली कसा करायचा हे विचारायला पुन्हा बोलावं लागलं असतं. दोन्ही भाषा नेहमीप्रमाणे निघून गेल्या. समोर केतन सर घड्याळाकडे बघत होते. कोणीतरी खोकलं. मी ओठ हलवले, आवाज आला नाही.

इतके दिवस मी कानात सांगायचे आणि कोणीतरी दुसरं बाजाराला सांगायचं. आत्या आता पार पलीकडच्या भिंतीशी होत्या.

"मोठ्यानं, पोरी!" तिथून आवाज आला. "माल दाखव!"

विद्यार्थी हसले, सगळे मागे वळून पाहू लागले, आणि कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं त्या क्षणभरात मी टाचा उंचावल्या आणि माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी समर्थन आणलेलं नाही. ज्यांचं नाव आहे त्यांचं म्हणणं आणलंय. ज्याला नाव हवं त्याने स्वतः येऊन बसावं, तीन बाजार. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी हो म्हणावं. नुसता दगड ठेवून कोणी जागा धरली, तर ऊन पट्ट्याला टेकल्यावर तो दगड आम्ही उचलू आणि त्यावर बसून जेवू. आमच्या कंपनीने दगडच आणलाय, सर, मी तो वाचलाय. आणि आत्या, रहीमभाई, तुम्ही मागे का उभे आहात? पुढे या! इथे पाच खुर्च्यांवर दगड आहेत, उचला आणि बसा!"